दोन नंबर पंख्यातला ओरखडा

१

माझी नात मोना एकोडीला दिली ते साल २०२३. लग्न सात मेला झालं. मांडव उतरवला होता, भाड्याची भांडी परत गेली होती, अंगणातले बांबूचे खड्डे तेवढे बुजवायचे राहिले होते. सोळा तारखेला, मंगळवारी दुपारी, रंजू दारात येऊन उभी राहिली. तिच्या एकाच पायात चप्पल होती.

"मोठे बाबा, आसारामदादा गेला," ती म्हणाली. "अन् मीच मारली म्हणून राहिले सारे."

रंजू माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आयटीआय करून शहापूरच्या पुढे, हायवेलगतच्या लोखंडाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागली होती. त्याच कारखान्यात मी सव्वीस वर्षं मोटारी उघडल्या, भरल्या, बसवल्या आणि त्याच्या दोन वर्षं आधी निवृत्त होऊन घरी बसलो. आसाराम तिथला सफाईचा कामगार, वैनगंगेवर मासे धरणाऱ्या घरातला. चाळिशी ओलांडली तरी मांजरासारखा चपळ होता.

त्या कारखान्यात एक लांबलचक फिरती भट्टी आहे. तिच्यातला धूर आणि गरम हवा ओढायला दोन पंखे आहेत, एक नंबर आणि दोन नंबर. एक चालतो, दुसरा तयार उभा असतो. पंखा म्हणजे घरातला नव्हे. माणूस आत उभा राहील एवढं लोखंडी खोकं, त्यात पात्यांचं चाक आणि बाहेर दोनशे घोड्यांच्या ताकदीची मोटार.

पूर्वी या मोटारी हँडल ओढलं की थेट लाइनवर सुरू व्हायच्या. एकदा सुरू झाली की तिचा वेग एकच. त्या वर्षी जानेवारीत ड्राइव्ह बसले. ड्राइव्ह म्हणजे एक कपाट. मोटारीकडे जाणाऱ्या विजेचे हेलकावे ते कमीजास्त करतं आणि मोटारीला हव्या त्या वेगानं फिरवतं. दोन्ही पंख्यांची कपाटं, तापू नयेत म्हणून एसी लावलेल्या थंड खोलीत शेजारी शेजारी उभी आहेत. त्या खोलीची किल्ली त्या पाळीला रंजूकडे होती.

त्या सकाळी दोन नंबर बंद करून आसाराम आत पाती खरवडत होता. दहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी एक नंबरचा ड्राइव्ह आपोआप बंद पडला. भट्टीतला धूर उलटा बाहेर यायला लागला, सगळीकडे ओरडा झाला. दोन मिनिटांच्या आत दोन नंबर फिरला. आसाराम आतच होता.

"तू चालू केली?" मी विचारलं.

"नाही जी! मी एक नंबर परत चालू व्हावा म्हणून बटणं दाबून राहिली होती. दोन नंबरच्या दारावर दादाचा दुपट्टा होता. त्यानं माझ्यासमोर टांगला. मी कशी हात लावीन?"

आमच्याकडे मशीनमध्ये शिरणारा माणूस आपला खांद्यावरचा दुपट्टा, म्हणजे पंचा, तिच्या हँडलवर टांगतो. दुपट्टा दिसला की ते हँडल मालकाच्या बापानंही ओढायचं नाही. हँडल गेली आणि कपाटं आली तेव्हा दुपट्टा कपाटाच्या दाराला टांगायचं ठरलं.

"मग झालं तर," मी म्हणालो. "दुपट्टा आहे ना साक्षीला."

रंजूनं मान हलवली. "दुपट्टा एक नंबरच्या दारावर सापडला, मोठे बाबा. ते म्हणतात, दादानं चुकीच्या दाराले टांगला अन् तू मोकळं दार पाहून दोन नंबर चालू केली. शनवारी ठाणेदार येऊन राहिले. शनवारी मले घेऊन जातील."

२

गुरुवारी कारखान्याचा निरोप आला. मॅनेजर साहेबांना दोन नंबरची मोटार सोमवारी चालवायची होती आणि त्याआधी ती कुणीतरी तपासून हवी होती. नवी पोरं त्या पंख्याजवळ जायला तयार नव्हती. मला बोलवणं ही त्यांची गरज आणि माझी संधी होती.

साहेब फाटकावरच भेटले. दोन रात्री झोप नसल्यासारखे दिसत होते.

"लक्ष्मणराव, पुतणी तुमची आहे, मला माहीत आहे. पण मी काय करू? खोलीत ती एकटीच होती."

"दुपट्टा कोणी पाहिला साहेब, पहिल्यांदा?"

"मीच. पंख्याकडून धावत खोलीत आलो तर एक नंबरच्या दारावर लटकत होता. मी हातात घेतला. त्याच्या बायकोला द्यावा असं मनात आलं, मग ठाणेदारांनी ठेवून घेतला."

"कसा होता हाताला?"

"कसा म्हणजे? ओला होता. थंडगार."

उन्हाळ्यात आमच्याकडे कामाला लागण्याआधी माणूस दुपट्टा नळाखाली भिजवतो. त्यात विशेष काही नव्हतं. तरी ते ऐकल्यापासून माझं डोकं जागेवर राहीना. मी चालता चालता तीनदा थांबलो.

मोटारीत दोष नव्हता. पंख्याच्या खोक्याचं दार उघडं होतं. मी टॉर्च घेऊन आत गेलो. आत धुऊन काढलं होतं, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. पत्र्यावर मात्र धुऊन न जाणारी एक खूण होती. आसारामच्या हातातली लोखंडी खरवडणी पात्यात सापडून पत्र्यावर घासत गेली होती. हातभर लांब ओरखडा.

लोखंड लोखंडावर घासलं की सुरुवातीला ओरखडा खोल जातो, पुढे उथळ होतो, आणि ओरखड्याच्या शेवटी पत्र्याची पापडी साचते. मी त्या ओरखड्यावर बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा.

पापडी हायवेच्या बाजूला होती. हा पंखा मी स्वतः बसवला आहे. तो नदीच्या बाजूला, म्हणजे बरोबर उलट, फिरतो.

३

रंजूला कामावरून थांबवलं होतं, म्हणून मी फाटकाबाहेर येऊन तिला फोन लावला.

"दोन नंबर कधी उलटा फिरला होता का?"

"एकदाच. जानेवारीत ड्राइव्ह बसवला तेव्हा पहिल्या चाचणीत उलटा फिरला. मग मी मोटारीजवळ दोन तारांची अदलाबदल केली. तेव्हापासून सरळ फिरते."

"अन् आता त्याच मोटारीले ड्राइव्ह सोडून थेट लाइन दिली तर?"

"उलटी फिरंल. पण थेट लाइन हाय कुठं, मोठे बाबा? जुने हँडल तर मेले हायत. त्यायच्या तारा काढल्या."

"ड्राइव्हवर पंखा पूर्ण वेगाले किती वेळानं येते?"

"दीड मिनिट. आधी एवढा हळू फिरते, का पात्या मोजता येतात."

मी फोन ठेवला. दीड मिनिटात आसाराम त्या खोक्यातून चार वेळा आत-बाहेर झाला असता. पातं हळूहळू हललं असतं तर पहिल्याच धक्क्याला त्यानं उडी मारली असती.

भट्टीच्या केबिनमध्ये भुपेंद्र बसला होता. हा शिफ्टचा मुख्य. नागपूरहून डिप्लोमा करून आलेला, पस्तिशीचा. काम येतं, पण भट्टी थांबली की त्याचं तोंड काळं पडायचं. त्या उन्हाळ्यात ड्राइव्ह गरम होऊन सहा वेळा बंद पडले होते आणि सहाही वेळा वरून बोलणी त्यानंच खाल्ली होती. भट्टी एवढी गरजत होती की मला ओरडून बोलावं लागलं.

"काय पाहून राहिले, लक्ष्मणराव? ड्राइव्हच्या पडद्यावर इंग्रजी येते. वाचता येईल का?"

"नाही येत. मराठी अक्षरंच पन्नाशी उलटल्यावर शिकलो मी. त्या दिवशी तुमी कुठं होते?"

"इथंच. एक नंबर बंद पडला, मी पडदे पाहत होतो. तेवढ्यात दोन नंबर सुरू झाला. हळूहळू वेग घेत गेला, ड्राइव्हवर घेतो तसाच. मला वाटलं रंजूनं बरं केलं. मग खालून आरडाओरडा."

"हळूहळू?"

"हळूहळू. मी स्वतः ऐकलं ना!"

मी मान डोलावली आणि खिडकीबाहेर पाहिलं. दोन नंबर पंखा तिथून दीडशे पावलांवर होता, मध्ये अख्खी भट्टी. समोर बसलेल्या माणसाचं बोलणं मला धड ऐकू येत नव्हतं.

४

फाटकासमोर बायाबाईची चहाची टपरी आहे. तिची लाइट कारखान्याच्या लाइनवरून येते. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

"ये लक्ष्मणभाऊ. नातीच्या लग्नाचे लाडू एकट्यानंच खाल्ले वाटते?"

"तुह्या वाट्याचे ठेवले हायत. मंगळवारी सकाळी काही कानावर आलं का, बाई?"

"आलं म्हणजे? धाड्कन आवाज आला, जमीन हालली. अन् हा माहा कुलर असा मरगळला," तिनं मान खाली टाकून दाखवली, "वाटलं गेली लाइट. मग उठला पुन्हा. तुह्या काळात व्हायचं ना, मोठी मोटार ओढली की? तसंच."

"जानेवारीपासून झालं का कधी असं?"

"नाही गा. नवीन कपाटं आली तवापासून कुलर सुखानं चालते. त्याच दिवशी झालं."

मोठी मोटार थेट लाइनवर घेतली की ती पहिल्या झटक्यात आजूबाजूची वीज ओढून घेते. ड्राइव्हवर घेतली तर शेजारच्या बल्बलाही पत्ता लागत नाही.

तेवढ्यात लिलाधर टपरीवर आला. पंख्यांच्या मजल्यावरचा ऑपरेटर. आसारामची बायको बेबीबाई ही त्याची सख्खी बहीण. काम मीच त्याला शिकवलं, वीस वर्षांपूर्वी. बायाबाईनं पुढे केलेला ग्लास त्यानं घेतला.

"कुलर कवा मरगळला म्हणते?" त्यानं विचारलं.

"मंगळवारी, बापा. तुहा मेव्हणा गेला तवा."

लिलाधरनं चहा प्याला नाही. ग्लास तसाच बाकावर ठेवला आणि उन्हात निघून गेला.

५

शुक्रवारी मी जुन्या हँडलांसमोर उभा होतो. पंख्यांच्या मजल्यावर भिंतीशी पत्र्याच्या सात पेट्या आहेत. सहा पेट्यांवर बोटभर काजळी होती. सातवीचं, म्हणजे दोन नंबरच्या पेटीचं, हँडल हात फिरून चकचकीत झालं होतं.

मी पेटी उघडली. आत नवी तांब्याची तार होती, आणि एक नवा स्विच. हँडल वर असलं की मोटार ड्राइव्हकडे, खाली ओढलं की थेट लाइनवर. कुणीतरी मेलेलं हँडल जिवंत करून ठेवलं होतं. रंजूला न सांगता.

हे करायचं कारण कुणाला होतं, ते मला कळलं. हँडल ओढलं कुणी, तेही उघड होतं. त्या मजल्यावर त्या वेळी एकच माणूस असतो.

नदीकाठी आसारामच्या घरासमोर बायका बसल्या होत्या. लिलाधर मागच्या बाजूला, कवेलूच्या म्हणजे कौलांच्या ढिगावर. मी शेजारी बसलो. त्याच्या पायाचा अंगठा सारखा माती उकरत होता.

"लिलाधर, हँडलवर दुपट्टा होता का?"

मी दुसरं काही विचारलं नाही. विचारायचं ठरवूनही आलो नव्हतो.

तो बोलायला लागला, आवाज एवढा बारीक की मला वाकावं लागलं.

"नव्हता, काकाजी. मी पाह्यलो होतो. देवाशपथ, आधी पाह्यलो. धूर कोंदला होता, भट्टीवरचे पोरं खोकलून राहिले होते, तरी मी आधी दुपट्टा पाह्यलो. तुमीच शिकवले ना मले? हँडलवर दुपट्टा नसंल तरच ओढायचं. नव्हता. म्हणून ओढलो."

"मेव्हणा आत हाय हे ठाऊक नव्हतं?"

"मी पावणेअकराले पाळीवर आलो. तो कवा आत गेला मले काय मालूम? दुपट्टा तिकडं, थंड खोलीत, कपाटाले. मी तिकडं कायले जाऊ? माह्या हातात तर हँडल होतं." त्यानं दोन्ही हात पुढे धरले. "आतून आवाज आला अन् लगेच वर केलो. लगेच. पण थेट लाइन, काकाजी, ती थांबते का?"

"हँडल जिवंत हाय हे कोणं सांगितलं तुले?"

"भुपेंद्र साहेबानं. ड्राइव्ह बंद पडला तर इकडून घे, अन् कोणाले बोलू नको. दोनदा घेतला होता मी आधी, मार्चमधी. काही नाही झालं."

ओट्यावरून बेबीबाईनं भावाला हाक मारली. पाहुण्यांना पाणी हवं होतं. लिलाधर उठला नाही.

"रंजू आत गेली तर तू काय करशील?" मी विचारलं.

"तेच इच्यारून राहिलो मी तीन दिवसांपासून," तो म्हणाला. "स्वताले. झोप नाही. बहिणीसमोर जेवता येत नाही. तिच्या हातचं ताट पाह्यलं की उठून बाहेर येतो."

ही दुपट्ट्याची रीत कारखान्यात मीच पाडली होती. एकदा माझ्या मदतनिसाची बोटं गेली, त्यानंतर. जानेवारीत दुपट्टा कपाटावर गेला आणि सगळे निश्चिंत झाले. दोन ठिकाणांहून सुरू होणाऱ्या पंख्याला एकच दुपट्टा पुरत नाही, हे कुणी सांगणार कसं? दुसरं ठिकाण आहे हेच लपवलेलं होतं.

"उद्या माह्यासंग चाल," मी म्हणालो.

तो उठला आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओट्याकडे गेला.

६

शनिवारी दहाला मॅनेजर साहेबांच्या खोलीत ठाणेदार, साहेब, भुपेंद्र आणि रंजू होते. लिलाधर आला नव्हता. माझं लक्ष सारखं दाराकडे जात होतं. ठाणेदारांनी कागद पुढे ओढला.

"दोन मिनिटं द्या," मी म्हणालो.

"बोला बाबा, पण लवकर."

मी आधी ओरखडा सांगितला. पंखा उलटा फिरला, म्हणजे ड्राइव्हवर फिरला नाही, थेट लाइनवर फिरला. बायाबाईचा कुलर सांगितला. सातवी पेटी सांगितली आणि म्हणालो, हवं तर आताच खाली चला, मी हँडल ओढून दाखवतो, पंखा कुणीकडे फिरतो ते स्वतः पाहा. ठाणेदारांनी हात थांबवला.

"मग दुपट्टा?"

"साहेब," मी मॅनेजरांकडे वळलो, "एक नंबर सकाळपासून चालू होता. चालू कपाटाच्या दारातून कशी हवा येते?"

"गरम. हात धरवत नाही." ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. "त्या हवेवर ओला दुपट्टा दहा मिनिटांत पापडासारखा वाळला असता."

"आसाराम साडेदहाला आत गेला. तुमच्या हाती आला तेव्हा अकराला पाच कमी होते. अन् दुपट्टा थंडगार. म्हणजे तो बंद कपाटावर होता, दोन नंबरच्या. अपघात झाल्यावर सारे पंख्याकडे पळाले, रंजूही पळाली, खोली उघडी अन् रिकामी राहिली, तेव्हा कुणीतरी तो उचलून एक नंबरवर टांगला. ज्याला थेट लाइनचं ठाऊक होतं, त्यालाच हे करायची गरज होती."

भुपेंद्र हसला. "म्हणजे मी? वा! मी केबिनमध्ये होतो, म्हातारबुवा."

"हो ना. अन् तिथून तुमाले पंखा हळूहळू वेग घेताना ऐकू आला. टपरीवरच्या बाईनं धाड्कन ऐकलं, जमीन हाललेली पाहिली. तुमी ऐकलंच नाही काही. ड्राइव्ह कसा सुरू होते ते तुमाले पाठ हाय, तेच सांगून टाकलं. दीड मिनिटात आसाराम बाहेर आला असता, हे तेवढं इसरले."

"पुरावा?" भुपेंद्र म्हणाला. "पेटीतल्या तारेवर माझं नाव लिहिलंय?"

रंजू माझ्याकडे पाहत होती आणि ठाणेदार तिच्याकडे.

दार उघडलं. आधी बेबीबाई आत आली, पदर डोक्यावरून ओढलेला. तिनं लिलाधरचं मनगट धरलं होतं, लहान पोराला शाळेत आणतात तसं.

"हा रात्री मले बोलला सारं," ती ठाणेदारांना म्हणाली. "आता तुमाले बोलंल. बोल रे."

लिलाधर उभ्यानंच बोलला. हँडल, धूर, भुपेंद्र साहेबाची ताकीद, मार्चमधले दोन दिवस. शेवटी म्हणाला, "रंजूचा काही संबंध नाही जी." बेबीबाईनं तोवर त्याचं मनगट सोडलं नव्हतं. तो थांबल्यावर सोडलं आणि ती भिंतीशी जाऊन खाली बसली.

भुपेंद्रनं टेबलावरचे हात मागे घेतले. मग म्हणाला, "मला कुणाला अडकवायचं नव्हतं. दार चुकलं असं वाटलं असतं, चूक मेलेल्या माणसाची झाली असती. त्यात कुणाचं काय गेलं असतं?"

"माह्या माणसाले अक्कल नव्हती, एवढंच गेलं असतं," बेबीबाई खालूनच म्हणाली. "दुसरं काय?"

ठाणेदारांनी रंजूच्या नावाचा कागद बाजूला ठेवला आणि कोरा घेतला. रंजूला घरी जायला सांगितलं तरी ती बाहेर पायऱ्यांवरच बसून राहिली, बेबीबाई बाहेर येईपर्यंत.

सोमवारी पंखा चालला नाही. सातही पेट्या भिंतीवरून काढल्या, तारा मुळापासून उपटल्या, मग गुरुवारी चालला. रंजू पुन्हा कामावर गेली. भुपेंद्र आणि लिलाधर दोघांवर गुन्हा दाखल झाला. दोघं जामिनावर सुटले. भुपेंद्र नागपूरला गेला, त्याची केस भंडाऱ्याच्या कोर्टात अजून चालू आहे. लिलाधरची उभीच राहिली नाही.

आसाराम मंगळवार, १६ मे २०२३ रोजी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी दोन नंबर पंख्यात मेला. त्याची काही चूक नव्हती. लिलाधर त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काविळीनं बहिणीच्या घरी मेला.